दाराआडच्या कामाची संघटना

१९८० साली पुण्यात घरकाम करणारी एक बाई आजारी पडली आणि चार दिवस कामावर जाऊ शकली नाही. बरी होऊन गेली, तेव्हा तुला काढून टाकलंय असं तिला सांगण्यात आलं. त्याआधी अशा किती जणी घरी बसल्या असतील याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. या खेपेला मात्र आसपासच्या घरांतल्या बायकांनी काम बंद केलं. कुणा पुढाऱ्यानं हाक दिली नव्हती. नोटीस नव्हती, मागण्यांचं पत्रकही नव्हतं. बातमी एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत गेली आणि संप पसरत गेला. त्या उत्स्फूर्त संपातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली.

आधी संप, मग संघटना, आणि नेतृत्व त्याच्याही मागून, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. संघटनांचे इतिहास सहसा संस्थापकाच्या स्वप्नापासून सुरू होतात. इथं सुरुवात एका आजारी बाईच्या कापलेल्या रोजीपासून झाली. पुढारी आले तेव्हा बायका रस्त्यावर आलेल्याच होत्या. त्यांना पुढं घेऊन जाणं, आणि संप ओसरल्यावरही एकत्र ठेवणं, हे काम उरलं होतं. ते संप करण्यापेक्षा फार अवघड निघालं.

मी जबलपूरच्या कांचघर भागात राहते. जबलपूर पुण्यापासून लांब असलं तरी नागपूर आम्हाला जवळचं. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच राज्यात होती. नोव्हेंबरात मध्य प्रदेशची राजधानी भोपाळला गेली, उच्च न्यायालय जबलपूरला आलं, आणि नागपूर मुंबई राज्यात गेलं. नात्यागोत्याचे आणि नोकरीचे धागे मात्र तुटले नाहीत. म्हणून पुण्याबरोबरच नागपूरचाही हा इतिहास इथं मांडते. आमच्या भागातल्या ज्या बायका लोकांच्या घरी धुणीभांडी करतात, म्हाताऱ्यांची नि आजाऱ्यांची सेवा करतात आणि आता आपली संघटना असावी असं बोलू लागल्या आहेत, त्यांच्या हाती तो पडावा ही इच्छा आहे.

कापड गिरणीत युनियन बांधणाऱ्याला एक फाटक असतं. पाळी सुटली की हजार माणसं एकाच दारातून बाहेर पडतात. पत्रक वाटा, सभा घ्या, वर्गणी गोळा करा. मोलकरणीला फाटक नाही. ती सकाळी सहाला एका घरी, साडेसातला दुसऱ्या घरी, नऊला तिसऱ्या घरी. चार घरं म्हणजे चार मालक, चार दर, चार स्वभाव. कुठं भांडी, कुठं धुणं, कुठं केरफरशी, कुठं पोळ्या. हजेरीपट नाही, नेमणुकीचं पत्र नाही, मालकाच्या सहीचा एकही कागद नाही. तिच्या सोबत काम करणारी दुसरी कामगार तिला कामाच्या जागी भेटतच नाही. भेटते ती नळावर, रेशनच्या रांगेत, जिन्यात चढता-उतरता.

त्यामुळे संघटनेला कामाच्या जागेऐवजी राहत्या वस्तीतून सुरुवात करावी लागली, आणि वेळ ठरली दुपारची. सकाळची कामं उरकून, घरच्यांना जेवू घालून बाई मोकळी होते ती दोनच्या सुमारास. चारला पुन्हा निघायचं असतं. ज्या कार्यकर्तीला दुपारी दोन ते चार वस्तीत बसता येत नाही, तिच्याकडून ही संघटना चालत नाही. संध्याकाळी सहाची सभा ठेवणारा नेता कितीही चांगलं बोलत असला तरी त्याच्यासमोर मोलकरणी नसतात, कारण त्या वेळी त्या कुणाच्या तरी ओट्याशी उभ्या असतात.

पुण्याच्या संघटनेच्या घडणीत लाल निशाण पक्षाच्या लीलाताई भोसले यांचा वाटा मोठा. पुढच्या काळात मेधा थत्ते यांचं नाव या संघटनेशी जोडलं गेलं. शहरात आणखी संघटनाही झाल्या. किरण मोघे यांच्या पुढाकारातली पुणे जिल्हा घरकामगार संघटना त्यांपैकी ठळक. पक्ष वेगळे, झेंडे वेगळे, पण मागण्यांची यादी जवळजवळ एकच राहिली: कामाचा ठरलेला दर, महिन्याला पगारी सुट्या, आजारपणाची रजा, दिवाळीला बोनस, म्हातारपणी हाताशी काही रक्कम.

यांतला दर ठरवण्याचा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. पुण्यात संघटनेनं कामवार दर जाहीर करायला सुरुवात केली. भांड्यांचा दर वेगळा, धुण्याचा वेगळा, आणि तोही घरात माणसं किती यावर. कायद्यानं हा दर कुणावर बंधनकारक नव्हता, आजही नाही. तरी त्याचा उपयोग झाला, कारण पहिल्यांदाच बाईच्या हातात आकडा आला. एरवी नवं घर धरताना मालकीण विचारते, किती घेशील, आणि बाई म्हणते, तुम्ही द्याल ते. त्या एका वाक्यात पुढच्या पाच वर्षांचा पगार अडकतो. दरपत्रक असलं की बाई म्हणू शकते, संघटनेचा दर एवढा आहे.

अशा वाटाघाटीला बसलेली कार्यकर्ती कशी काम करते ते जवळून पाहण्यासारखं असतं. दुपारी चारच्या आसपास दोघी जिना चढतात. बाई दाराशीच थबकते, कारण रोज ती या घरात मागच्या दारानं किंवा थेट मोरीकडे जाते. कार्यकर्ती तिला हाताला धरून आत नेते आणि स्वतःशेजारी बसवते. मालकीणबाई सांगतात, आम्ही हिला कधी परकी मानलं नाही, सणाला साडी दिली, मुलाच्या वह्या घेऊन दिल्या. कार्यकर्ती ते खोडून काढत नाही. खरंच असतं ते. मग ती विचारते, घरात माणसं किती? आधी चार होती. सून आली, नातू झाला, गावाकडून सासूबाई आल्या. आता सात. दोन वर्षांत धुणं जवळपास दुप्पट झालं, पगार तोच राहिला. मालकीणबाई गप्प होतात, कारण हा हिशेब त्यांनी कधी मांडलेला नसतो. बाई तोवर पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसलेली असते. शेवटी तीच एक वाक्य बोलते: "वहिनी, मला काम सोडायचं नाही, पण आजारी पडले तर पैसे कापू नका." वहीचं पान फाडून त्यावर चार ओळी लिहिल्या जातात. खाली एक सही आणि एक अंगठा. त्या पानाला कोर्टात काय किंमत आहे हा प्रश्न वेगळा. त्या घरात त्याला किंमत असते.

इथं नेतृत्वाची पहिली कसोटी लागते. कारखान्यात मालक हरला की कामगार जिंकतो. इथं भांडण फार ताणलं तर बाईचं घर सुटतं, आणि त्या आवारातली दुसरी चार घरंही तिला दबकून राहतात. म्हणून चांगली पुढारी प्रत्येक भांडणाचा मोर्चा करत नाही. कुठं बसून बोलायचं, कुठं दहा बायका दारात उभ्या करायच्या, कुठं पोलीस चौकीत जायचं, हे तिला माणूस पाहून ठरवावं लागतं. चोरीचा आळ आला की मात्र तडजोड नाही. तिथं पूर्ण संघटना बाईच्या मागं उभी राहिली पाहिजे. एकदा तो आळ तसाच राहू दिला तर त्या बाईला गावात कुणी उंबरा ओलांडू देत नाही.

नागपुरात याच काळात, १९८० च्या सुमारास, विदर्भ मोलकरीण संघटना सुरू झाली. तिच्या संस्थापक डॉ. रूपा कुलकर्णी नागपूर विद्यापीठात संस्कृतच्या प्राध्यापक होत्या. १९९२ मध्ये त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला आणि त्या रूपा कुलकर्णी-बोधी झाल्या. नागपूरच्या संघटनेला एक भौगोलिक फायदा होता. दर हिवाळ्यात विधिमंडळाचं अधिवेशन नागपुरात भरतं. मंत्री, आमदार, सचिव सगळे तेवढे दिवस शहरात असतात. पुण्या-मुंबईच्या बायकांना मंत्रालयापर्यंत जायला एका दिवसाची मजुरी बुडवावी लागते, नागपूरच्या बायकांच्या दारात मंत्रालयच चालून येतं. घरकामगारांना कायद्याचं संरक्षण हवं ही मागणी त्यांनी अधिवेशनामागून अधिवेशन रेटली.

प्राध्यापिका आणि मोलकरीण एकाच व्यासपीठावर, ही गोष्ट जितकी सुंदर आहे तितकीच नाजूक. शिकलेली, मध्यमवर्गीय बाई अशा संघटनेची पुढारी झाली की इंग्रजी अर्ज, अधिकाऱ्यांच्या भेटी, वर्तमानपत्रातली बातमी ही कामं सोपी होतात. पण तिच्याही घरी कुणी तरी भांडी घासत असतं. तिचं घर दरपत्रकाप्रमाणं पगार देतं का, हे सभासद बायका विचारत नाहीत, पण त्यांना ते माहीत असतं. या क्षेत्रात नेतृत्व करायचं तर आधी स्वतःच्या स्वयंपाकघरात संघटनेचा नियम लागू करावा लागतो. भाषणानं ती उणीव भरून निघत नाही.

कायद्यानंही याचा काही विचार केलेला दिसतो. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यात २००१ साली दुरुस्ती झाली. असंघटित क्षेत्रातल्या नोंदणीकृत संघटनेत किमान निम्मे पदाधिकारी त्या धंद्यात प्रत्यक्ष राबणारे असले पाहिजेत, असं तिनं ठरवलं. इतर क्षेत्रांत बाहेरच्यांना याहून कमी जागा ठेवल्या होत्या, असंघटितांच्या बाबतीत मुद्दाम जास्त ठेवल्या, कारण तिथं बाहेरच्यांची मदत लागते हे मान्य केलं गेलं. त्याच दुरुस्तीनं किमान वर्गणीही ठरवली: ग्रामीण कामगाराला वर्षाला एक रुपया, असंघटित क्षेत्रातल्या इतर कामगाराला तीन रुपये, बाकीच्यांना बारा.

तीन रुपये ही रक्कम ऐकून कुणालाही वाटेल, यानं काय होणार? संघटना चालवायला अर्थातच त्याहून जास्त लागतात, आणि संघटना ती घेतातही. पण वर्गणीचा खरा उपयोग रकमेत नसतो. वर्गणी दिलेली बाई हिशेब विचारू शकते. देणगीवर चाललेल्या संस्थेत ती लाभार्थी असते, वर्गणीवर चाललेल्या संघटनेत सभासद. मी पाहिलेल्या बहुतेक कामगार बायका पावती फेकत नाहीत. रेशनकार्ड, आधारकार्ड, मुलाचा शाळेचा दाखला, यांच्यासोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत ती घडी करून ठेवलेली असते. ज्या बाईला मालकाकडून आयुष्यात एक चिठोरा मिळालेला नाही, तिच्याजवळ ती कामगार आहे असं सांगणारा हा पहिला कागद असतो. म्हणून माझं ठाम मत आहे की अशा संघटनेत कोषाध्यक्षाचं पद अध्यक्षाच्या पदापेक्षा मोठं मानावं, आणि ते काम करणाऱ्या बाईकडेच द्यावं. लिहिता येत नसेल तर शेजारी लिहिणारी बसवावी, पण पैसे तिनं मोजावेत.

कायद्याची वाट लांबलचक आहे. १९५९ साली राज्यसभेत पां. ना. राजभोज यांनी घरगुती नोकरांसाठी विधेयक आणलं होतं. दलित चळवळीतला हा मराठी नेता त्या काळी हा प्रश्न संसदेत नेतो, याची आठवण आपल्याकडे फारशी कुणाला नाही. लोकसभेतही तशाच आशयाचं एक विधेयक आलं. दोन्हींचे कायदे झाले नाहीत. साठच्या दशकाच्या सुरुवातीला मद्रास उच्च न्यायालयासमोर राजभवनात घरगुती कामं करणाऱ्या नोकरांचं प्रकरण आलं. त्यांना युनियन म्हणून नोंदणी हवी होती. ती मिळाली नाही, कारण त्यांचं काम व्यापार किंवा उद्योगात बसत नाही असं ठरलं. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही उद्योगाच्या व्याख्येतून घरगुती सेवा वगळलेली आहे. घर हा उद्योग नाही, म्हणून घरातल्या कामगाराचा तंटा औद्योगिक तंटा नाही. या एका अडसरावर पिढ्यान्‌पिढ्या डोकं आपटून झालं.

महाराष्ट्राच्या डोळ्यांसमोर मात्र एक दुसरा रस्ता होता. १९६९ चा माथाडी कायदा. हमालालाही एक मालक नसतो, रोज वेगळ्या गाळ्यावर वेगळ्या व्यापाऱ्याचं ओझं. अण्णासाहेब पाटील, बाबा आढाव यांच्यासारख्यांच्या लढ्यांतून त्यांच्यासाठी मंडळं झाली. मालक मजुरी मंडळात भरतो, वर लेव्ही भरतो, त्यातून हमालाला भविष्यनिर्वाह निधी, रजा, बोनस मिळतो. अनेक मालकांचा कामगार कायद्याच्या छत्राखाली कसा आणायचा याचं उत्तर या राज्यानं स्वतःच शोधलेलं होतं. मोलकरणींच्या संघटनांनी तसंच मंडळ मागितलं.

२००० साली सरकारनं एक आचारसंहिता काढली, ती कागदावर राहिली. २००८ चा महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम आला आणि मोठा आनंद झाला. अठरा ते साठ वयाच्या कामगाराची नोंदणी, अपघातात तातडीची मदत, मुलांच्या शिक्षणाला साहाय्य, आजारपणाचा खर्च, बाळंतपणाची मदत, अंत्यविधीचा खर्च, अशा तरतुदी त्यात होत्या. मंडळ प्रत्यक्ष स्थापन व्हायला २०११ उजाडलं. पंचावन्न वर्षं पूर्ण झालेल्या नोंदणीकृत बायकांना दहा हजार रुपये सन्मानधन देण्याची योजना आली, अनेक जणींना ते मिळालं. आयुष्यात पहिल्यांदा सरकारनं आपल्या कामासाठी पैसे दिले, असं त्यांना वाटलं असेल तर त्यात नवल नाही.

पण माथाडी मंडळ आणि हे मंडळ यांत मूळचाच फरक राहिला. मालकानं सक्तीनं भरायची लेव्ही इथं नाही. पगार, कामाचे तास, साप्ताहिक सुटी यांबद्दल कायदा गप्प आहे. मंडळ सरकारी अनुदानावर उभं, म्हणजे अर्थसंकल्पात हात आखडला की मंडळ थंड. पुढच्या वर्षांत नेमकं तेच होत गेलं. मुदत संपली की मंडळ रिकामं, नूतनीकरण अडलेलं, बायका कामगार कार्यालयाच्या फेऱ्या मारून दमलेल्या. संघटनांचं निम्मं बळ कायदा मिळवण्यात गेलं आणि उरलेलं निम्मं तो जागा ठेवण्यात. या मुद्द्यावर मला संघटनांच्या नेत्यांपेक्षा सरकारचा दोष जास्त दिसतो. तरी एक गोष्ट खरी, की कायदा झाल्यावर अर्ज भरून देणं हेच संघटनेचं मुख्य काम होऊन बसण्याचा धोका असतो. अर्जासाठी आलेली बाई अर्ज झाला की निघून जाते. तिला थांबवणारं काही तरी संघटनेकडे असावं लागतं.

त्या अर्जाचं मोल कोविडनं दाखवलं. २०२० च्या मार्चमध्ये सोसायट्यांची फाटकं बंद झाली आणि बायका बाहेर राहिल्या. काही घरांनी पगार चालू ठेवला, बऱ्याच घरांनी एप्रिलपासून हात वर केले. एप्रिल २०२१ मध्ये राज्य सरकारनं निर्बंध जाहीर करताना नोंदणीकृत घरकामगारांना दीड हजार रुपयांची मदत दिली. नोंदणीकृत हा शब्द तिथं निर्णायक ठरला. ज्यांची नोंदणी झालेलीच नव्हती किंवा नूतनीकरण राहून गेलं होतं, त्यांच्यापर्यंत ते पोचायला वाटच नव्हती.

पुण्या-नागपूरबाहेरही या साऱ्या वर्षांत हालचाल होत होती. मुंबईत सिस्टर जीन डेव्हॉस यांनी १९८५ पासून राष्ट्रीय घरकामगार चळवळ वाढवली होती. १६ जून २०११ रोजी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं घरकामगारांसाठीचा १८९ क्रमांकाचा करार मंजूर केला. भारतानं बाजूनं मत दिलं, पण अजून त्याला मान्यता दिलेली नाही. ऑक्टोबर २०१३ मध्ये उरुग्वेच्या मोन्तेविदेओ शहरात आंतरराष्ट्रीय घरकामगार महासंघ स्थापन झाला आणि त्याच्या अध्यक्ष झाल्या दक्षिण आफ्रिकेच्या मर्टल विटबुई. त्या स्वतः घरकामगार होत्या. वर्णभेदाच्या काळात लोकांच्या घरी राबलेली बाई जगभरच्या संघटनांची अध्यक्ष होते, हे आपल्या बायकांना सांगितलं पाहिजे.

आता आमच्या भागाकडे येते, कारण इथं प्रश्नाला एक वेगळं वळण लागलं आहे. जबलपूर हे नोकरदारांचं शहर. १९०४ ची गन कॅरेज फॅक्टरी, १९६९ ची व्हेईकल फॅक्टरी, रेल्वे, उच्च न्यायालय. या नोकऱ्यांतून निवृत्त झालेली माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत. मुलं पुण्यात, बंगळुरात, परदेशात. घरात दोन म्हातारी माणसं, त्यांतलं एक अंथरुणाला खिळलेलं. अशा घरांना केरफरशीपेक्षा वेगळी बाई लागते: अंग पुसणारी, डायपर बदलणारी, औषधाच्या वेळा सांभाळणारी, रात्री उठून कूस बदलून देणारी. तिला कुणी आया म्हणतं, कुणी केअरटेकर, तर काही घरी तिला सरसकट नर्स म्हणतात, जरी तिच्याकडे नर्सिंगचा दाखला नसतो. नोंदणीकृत नर्सला परिषद आहे, अभ्यासक्रम आहे, संघटना आहे. या बाईला यांतलं काहीच नाही. तिच्यात आणि रुग्णाच्या घरात बऱ्याचदा माणसं पुरवणारा ब्युरो असतो. घर ब्युरोला पैसे देतं, ब्युरो कमिशन कापून तिला देतो, आणि मूळ रक्कम किती होती हे तिला ठाऊक नसतं.

बारा तासांची ड्युटी असते, चोवीस तासांचीही असते. चोवीस तासांच्या ड्युटीत ती झोपते कुठं? रुग्णाच्या पलंगाशेजारी सतरंजीवर, कान उघडे ठेवून. अंगावरचं बाळ घरी ठेवून आलेल्या बायका मला माहीत आहेत. लठ्ठ रुग्णाला एकटीनं उचलून कंबर गेलेल्याही. म्हाताऱ्या पुरुषाच्या खोलीत रात्र काढायची म्हणजे वेगळीच भीती. लैंगिक छळाच्या २०१३ च्या कायद्यानं घर हेही कामाचं ठिकाण मानलं आहे, घरकामगार त्यात येतात. पण तक्रार कुठं करायची, स्थानिक समिती कुठं बसते, हे तिला सांगणारं कुणी नाही.

पुण्याच्या संपाचं हत्यार इथं तसंच्या तसं चालत नाही. भांडी एक दिवस सिंकमध्ये पडून राहू शकतात. पक्षाघात झालेला माणूस एक दिवस ओल्या अंथरुणात पडून राहू शकत नाही. हे सगळ्यांत आधी त्या बाईलाच कळतं, आणि तिच्या या जाणिवेवरच तिचं शोषण टिकून आहे. सुटी मागितली की म्हणतात, बाबांचं कोण करणार? ती थांबते. म्हणून शुश्रूषा करणाऱ्यांची संघटना चालवणाऱ्या पुढारी बाईला संपाऐवजी बदलीची व्यवस्था उभी करावी लागेल. एक सभासद रजेवर गेली तर दुसरी तिच्या जागी जाईल, रुग्णाचं कसं करायचं ते आदल्या दिवशी समजावून घेईल, आणि रजेवरची परत आली की घर तिचं तिला मिळेल. हे घडलं तर रुग्णाचं हित आणि कामगाराची सुटी एकमेकांच्या आड येत नाहीत. घरचे लोकही संघटनेकडे वळतील, कारण ब्युरोही त्यांना ही हमी क्वचितच देतो.

अशा कामगारांची मोठी संघटना होऊ शकते याचा दाखला अमेरिकेतला आहे. १९९९ च्या फेब्रुवारीत लॉस एंजेलिस परगण्यातल्या सुमारे ७४ हजार गृहशुश्रूषा कामगारांनी मतदानानं युनियन निवडली. तिथं पहिला प्रश्न हाच होता, की मालक कोण? रुग्ण, की पैसे देणारं सरकार? अनेक वर्षं तो कोर्टात लोंबकळला. शेवटी कॅलिफोर्नियात सार्वजनिक प्राधिकरण नेमण्याची तजवीज झाली, वाटाघाटीपुरता मालक ते ठरलं, आणि मग युनियनला समोर बसायला कुणी तरी मिळालं. त्या लढ्यात म्हातारे आणि अपंग रुग्ण कामगारांच्या बाजूनं उभे राहिले होते. माथाडी मंडळाची मूळ कल्पना याहून फार वेगळी नाही, आणि ती आपल्याकडे तीस वर्षं आधीच होती. मग शुश्रूषेच्या कामाला ती अजून का लावली गेली नाही? मला याचं कारण स्वच्छ दिसतं. हमालांचा मालक व्यापारी होता, इथं मालक आपणच आहोत. कायदा करणारे, लिहिणारे, न्याय देणारे, सगळ्यांच्या घरी ही बाई आहे.

मध्य प्रदेशात २००९ पासून शहरी घरकामगार महिलांसाठी मुख्यमंत्र्यांच्या नावाची कल्याण योजना आली. महाराष्ट्रासारखा कायदा मात्र इथं नाही. २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं घरकामगारांच्या हक्कांसाठी कायद्याची चौकट सुचवायला समिती नेमा, असं केंद्र सरकारला सांगितलं. अशा समितीतून आणि अहवालातून कायदा यायला किती वर्षं लागतात ते पुण्या-नागपूरच्या बायकांना विचारावं. तोवर कांचघरच्या बायकांनी थांबायचं कारण नाही.

नोंदणीच्या अर्जाला किमान सात जणी पुरतात. शिवाय धंद्यातल्या कामगारांपैकी दहा टक्के किंवा शंभर, यांत जो आकडा कमी असेल तेवढ्या सभासद लागतात. राज्याचं कामगार आयुक्तालय इंदूरला आहे, म्हणजे एका रात्रीचा प्रवास आणि दोन दिवसांची मजुरी. तो खर्च पहिल्या वर्गणीतून निघाला पाहिजे, कुणा दात्याकडून नको. नियमावली लिहिताना शुश्रूषा करणाऱ्या आणि धुणीभांडी करणाऱ्या, दोघींच्या जागा कार्यकारिणीत वेगवेगळ्या राखाव्यात. शुश्रूषावाल्या बायका रात्रपाळीत असतात, दुपारी झोपतात, त्यांना दोन ते चारची सभा जमत नाही. त्यांच्यासाठी सकाळी नऊची वेळ ठेवावी लागेल, रात्रीची ड्युटी सुटून घरी परततानाची. आणि पहिलं दरपत्रक करायला बसताना ब्युरो घराकडून किती घेतो आणि बाईला किती देतो, हे दोन आकडे वीस-पंचवीस घरांतून आधी गोळा करावेत. घराच्या बाजूचा आकडा सांगायला आमच्या आळीतले दोन निवृत्त गृहस्थ तयार झाले आहेत.